झऱ्याचे पाणी, छंदाची व्हिस्की आणि रॉकेटचे इंधन: एकच पाणी दोन्हींना चालेल का?

प्रश्न: नीलज्योत

मला दोन गोष्टींचा मनापासून छंद आहे आणि दोन्हींचा संबंध अल्कोहोलशी येतो. माल्टपासून (मोड आणून वाळवलेल्या धान्यापासून) लहान प्रमाणावर व्हिस्की तयार करणे ही पहिली, आणि द्रव इंधनावर चालणारे लहान रॉकेट इंजिन ही दुसरी. आमचा काही मित्रांचा गट आहे. इंजिनाचा आराखडा कागदावर जवळजवळ पूर्ण झाला आहे आणि ऊर्ध्वपातनाच्या परवान्यासाठीची कागदपत्रेही सादर झाली आहेत. परवाना हातात येईपर्यंत भांड्याखाली आच लावायची नाही, हे आम्ही आधीच ठरवले आहे. त्यामुळे सध्या वाचनाला आणि आकडेमोडीला पुरेसा वेळ आहे.

जिथे हे काम करायचे आहे तिथे चुनखडीच्या खडकातून येणारा एक झरा आहे. त्याचे पाणी बाराही महिने थंड, नितळ आणि चवीला किंचित जड असते. व्हिस्कीच्या जगात अशा झऱ्यांचे माहात्म्य फार सांगितले जाते. टेनेसीमधील लिंचबर्ग येथील जॅक डॅनियल्सची भट्टी गुहेतून वाहणाऱ्या झऱ्यावर चालते, तर स्कॉटलंडमधील ग्लेनमोरांजी टारलोगी झऱ्यांचे कठीण पाणी वापरते. परंतु ऊर्ध्वपातनात क्षार तर भांड्यातच मागे राहतात. मग पाण्यामुळे व्हिस्कीत फरक पडत असेल तर तो नेमका कोणत्या टप्प्यावर पडतो?

दुसरी शंका रॉकेटची आहे. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन व्ही-2 रॉकेटच्या इंधनात 75 टक्के इथेनॉल आणि 25 टक्के पाणी असे. भट्टीवर ज्या पाण्यापासून अल्कोहोल वेगळे करण्यासाठी एवढी खटपट करावी लागते, तेच पाणी इंधनात मुद्दाम का ठेवतात? आणि या दोन्हींतून निघणारा शेवटचा प्रश्न असा, की आमच्याच भट्टीतले अल्कोहोल याच झऱ्याच्या पाण्यात बेतून इंजिनाला देता येईल का?

प्रतिसाद: आंबवण

पाण्याचा प्रभाव कुठे पडतो हा प्रश्न आपण अगदी योग्य जागी विचारला आहे, कारण बाटलीवरच्या मजकुरात झऱ्याचे वर्णन असते आणि त्याच्या कामाचे नसते. क्षार भांड्यातच राहतात हे खरे. परंतु भांड्यात जाण्याआधी पाण्याने आपले निम्मे काम उरकलेले असते.

दळलेला माल्ट गरम पाण्यात भिजवला की साधारण 63 ते 66 अंश सेल्सियसला त्यातील विकरे पिष्टाचे साखरेत रूपांतर करू लागतात. त्यांना किंचित आम्लता हवी असते. या भिजवलेल्या मिश्रणाचा, म्हणजे मॅशचा, सामू 5.2 ते 5.5 च्या दरम्यान असला तर काम उत्तम होते. पाण्यातील कॅल्शियम माल्टमधील फॉस्फेटशी संयोग पावून सामू खाली आणते, शिवाय अल्फा-अमायलेज या विकराला उष्णतेत तग धरायला मदत करते. पुढे आंबवताना यीस्टलाही कॅल्शियम आणि मॅग्नेशियम लागते. याउलट चुनखडीच्या पाण्यात बायकार्बोनेटही भरपूर असते आणि ते सामू वर ढकलते. केंटकी आणि टेनेसीमध्ये आधीच्या ऊर्ध्वपातनातून उरलेला आंबट द्रव नव्या मॅशमध्ये मिसळण्याची जी पद्धत रूढ झाली, तिचा एक मोठा फायदा हाच आहे की त्या आंबटपणाने बायकार्बोनेटचा जोर मोडतो. आपले पाणी चवीला जड असेल तर ही पद्धत आपल्याही उपयोगाची आहे.

झऱ्याच्या पाण्याचा खरा गुण मला विचाराल तर त्यात काय आहे यापेक्षा काय नाही यात आहे. त्यात क्लोरीन नसते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन धान्यातील फिनॉलवर्गीय द्रव्यांशी जुळले की औषधासारखा वास येतो, आणि हे रेणू वाफेबरोबर वर जात असल्यामुळे ऊर्ध्वपातनानेही तो पूर्ण जात नाही. दुसरी गोष्ट लोहाची. चुनखडीतून झिरपणाऱ्या पाण्यात विरघळलेले लोह सहसा फार कमी असते, आणि व्हिस्कीला लोह अजिबात सोसत नाही. ओकच्या पिंपातून आलेल्या टॅनिनशी लोह जुळले की सोनेरी द्रव करडा, हिरवट किंवा काळपट होतो. आपल्या झऱ्याची प्राथमिक पारख घरी करता येईल: दुधाशिवायचा कडक चहा गाळून दोन पेल्यांत घ्यावा, एकात झऱ्याचे आणि दुसऱ्यात तेवढेच ऊर्ध्वपातित पाणी घालावे आणि रात्रभर ठेवावे. झऱ्याच्या पेल्यावर शाईसारखी छटा चढली तर ते पाणी पिंपातल्या व्हिस्कीजवळ नेऊ नये. मात्र रंग न बदलणे म्हणजे पाणी निर्धोक असणे नव्हे. लोह, नायट्रेट, कठीणपणा आणि जिवाणू यांची तपासणी प्रयोगशाळेतून करून घ्यावीच, आणि पावसाळ्यानंतर ती पुन्हा करावी, कारण चुनखडीतल्या भेगांमधून वरचे पाणी फारसे न गाळले जाता थेट खाली उतरते.

यानंतर पाण्याचा संबंध येतो तो शेवटी, म्हणजे पिंपातली व्हिस्की पिण्याजोगी सौम्य करताना. इथे बहुतेक मोठ्या भट्ट्या क्षार काढलेले पाणीच वापरतात. कठीण पाणी तीव्र अल्कोहोलमध्ये ओतले की कॅल्शियमचे क्षार हळूहळू अविद्राव्य होऊन द्रव गढूळ होतो. कधी हे लगेच दिसते, तर कधी बाटली भरून झाल्यावर तळाशी साका बसतो. ओकमधून आलेल्या ऑक्झॅलिक आम्लाशी कॅल्शियम जुळून होणारा साका तर गाळल्यानंतरही पुन्हा तयार होतो. तेव्हा झऱ्याचे पाणी मॅशसाठी जरूर वापरावे, वाफ थंड करून द्रव करणाऱ्या कंडेन्सरच्या नळीभोवती खेळवण्यासाठी तर त्याच्या थंडाव्यासारखे दुसरे साधन नाही, पण सौम्य करण्यासाठी ऊर्ध्वपातित पाणीच घ्यावे.

प्रतिसाद: शीतकवच

रॉकेटच्या बाजूचे उत्तर देतो. इंधनातले पाणी तिथे भेसळ म्हणून नसते. त्याच्यावर इंजिनाचे प्राण राखण्याची जबाबदारी असते.

द्रवरूप ऑक्सिजनमध्ये शुद्ध इथेनॉल जाळले तर ज्वलनकक्षातले तापमान 3,000 अंश सेल्सियसच्या आसपास जाते. पोलाद, तांबे किंवा ॲल्युमिनियम यांपैकी कोणताच धातू त्या तापमानाला टिकत नाही, म्हणून कक्षाला दुहेरी भिंत, म्हणजे शीतकवच, करतात आणि इंधन जळण्याआधी त्या दोन भिंतींमधून फिरवतात. भिंतीची उष्णता इंधन घेते आणि मग इंजेक्टरमधून, म्हणजे फवारा करणाऱ्या बारीक छिद्रांतून, कक्षात शिरते. आता पाण्याचे मोल पाहा. एक किलो पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवायला सुमारे 4.2 किलोज्यूल लागतात, इथेनॉलला सुमारे 2.4. बाष्पीभवनासाठी पाण्याला किलोमागे सुमारे 2,260 किलोज्यूल लागतात, इथेनॉलला साधारण 840. म्हणजे इंधनात पाव हिस्सा पाणी असले तर कवचातून फिरणारा द्रव अधिक उष्णता पोटात घेतो आणि खुद्द ज्वालाही काहीशी थंड होते. भिंतीचा बचाव असा दोन्ही बाजूंनी होतो. व्ही-2 च्या इंजिनात याशिवाय कक्षाच्या भिंतीत बारीक छिद्रांच्या रांगा होत्या; त्यांतून पाझरणारे इंधन भिंतीच्या आतल्या अंगावर पातळ पडद्यासारखे पसरत असे. सुमारे 25 टन जोर देणारे ते इंजिन मिनिटभर तग धरू शकले ते या सगळ्या उपायांच्या जोरावर.

किंमत मोजावी लागतेच. पाणी जळत नाही, उलट त्याची वाफ करण्यात उष्णता खर्च होते. पण वाफेचा रेणू हलका असतो आणि नोझलमधून, म्हणजे इंजिनाच्या मागच्या तोंडातून, हलका वायू अधिक वेगाने बाहेर पडतो, त्यामुळे नुकसान वाटते तितके मोठे नसते. नवशिक्या गटाने हा सौदा डोळे मिटून करावा असे माझे स्पष्ट मत आहे.

इतिहासात या मिश्रणाने मोठी कामे केली आहेत. 14 ऑक्टोबर 1947 रोजी बेल एक्स-1 हे विमान ध्वनीपेक्षा वेगाने उडाले ते पाणी मिसळलेले इथेनॉल आणि द्रवरूप ऑक्सिजन यांवर. 5 मे 1961 रोजी अमेरिकी अंतराळवीर ॲलन शेपर्ड ज्या रेडस्टोन रॉकेटवर बसून अवकाशात गेले त्याच्यातही हेच इंधन होते. रेडस्टोनच्या आणखी एका रूपात हायडाइन नावाचे अधिक जोरकस इंधन वापरलेले होते, परंतु ते विषारी असल्यामुळे माणसाच्या उड्डाणासाठी अल्कोहोलच ठेवण्यात आले. खासगी प्रयत्नांतही अल्कोहोलचा वाटा मोठा आहे. जॉन कारमॅक यांच्या आर्माडिलो एअरोस्पेसने ऑक्टोबर 2008 मध्ये चंद्रावर उतरू शकणाऱ्या यानांच्या स्पर्धेतील पहिल्या पातळीचे साडेतीन लाख डॉलरचे बक्षीस जिंकले ते इथेनॉल आणि द्रवरूप ऑक्सिजनवर उडणाऱ्या यानाने. पुढच्या वर्षी दुसऱ्या पातळीचे दहा लाख डॉलर मिळवणाऱ्या मास्टेन स्पेस सिस्टिम्सच्या यानात आयसोप्रोपिल अल्कोहोल होते. डेन्मार्कमधील कोपनहेगन सबऑर्बिटल्स हा स्वयंसेवकांच्या वर्गणीवर आणि देणग्यांवर चालणारा गट आहे. त्यांचे नेक्सो-2 हे इथेनॉलवरचे रॉकेट ऑगस्ट 2018 मध्ये बाल्टिक समुद्रातून उडून सुमारे साडेसहा किलोमीटर उंच गेले आणि पॅराशूटने सुखरूप उतरले. पृथ्वीभोवतीच्या कक्षेत पोहोचायचे असेल तर मात्र प्रत्येक किलोतून अधिक ऊर्जा काढावी लागते, आणि म्हणून फाल्कन-1 ने सप्टेंबर 2008 मध्ये खासगी द्रव-इंधन रॉकेट म्हणून प्रथमच कक्षा गाठली तेव्हा तिच्यात केरोसीन होते. पण केरोसीन तापलेल्या कवचात काजळीचा थर धरते, अल्कोहोल धरत नाही. शिवाय सांडलेले अल्कोहोल पाण्याने धुऊन टाकता येते.

झऱ्याच्या पाण्याबद्दल माझे उत्तर ठाम नकाराचे आहे. शीतकवचातल्या वाटा एखाद-दोन मिलिमीटर रुंद असतात आणि त्यांची भिंत इतकी तापते की कठीण पाण्यातील क्षार तिथेच खरपुडी धरतील. ही खरपुडी उष्णतेला अडवते, तिच्यामागचा धातू अधिक तापतो, आणि भिंत नेमकी त्याच ठिकाणी फुटते. इंधनात पाणी घालायचे ते क्षार काढलेलेच.

प्रतिसाद: अधिनियम

कायद्याबद्दल थोडे लिहितो, कारण वरच्या दोन्ही उत्तरांत तो आलेला नाही. बियर किंवा वाइन घरी करण्याची मुभा अनेक देशांत आहे. ऊर्ध्वपातनाची मुभा फार थोड्या ठिकाणी आहे. न्यूझीलंडने 1996 मध्ये स्वतःपुरत्या ऊर्ध्वपातनावरील बंदी उठवली. अमेरिकेत घरच्या बियरला 1978 च्या कायद्याने वाट मोकळी झाली, परंतु परवान्याशिवाय दारू गाळणे हा संघीय गुन्हा असून पिण्याच्या दारूसाठीचा परवाना राहत्या घराला किंवा त्याच्या आवाराला मिळत नाही. टेक्सासमधील एका संघीय न्यायालयाने जुलै 2024 मध्ये ही घरगुती बंदी घटनाबाह्य ठरवली, मात्र तो दिलासा दाव्यातील पक्षकारांपुरता होता.

आपल्यासाठी महत्त्वाचे हे, की इंधनासाठीच्या अल्कोहोलचा परवाना अमेरिकेत वेगळा असतो आणि त्याखाली तयार झालेले अल्कोहोल बाहेर नेण्याआधी पिण्यास अयोग्य करावे लागते. पिण्याची दारू त्या परवान्यावर गाळता येत नाही. आपण ज्या देशात आहात तिथल्या परवान्यात दोन्ही उद्देश स्पष्ट लिहिलेले आहेत का, हे अर्जाच्या टप्प्यावरच पाहून घ्यावे. आणि परवाना काहीही म्हणो, पिण्यास अयोग्य करणारी द्रव्ये ज्या भांड्याला लागली त्या भांड्यात पुन्हा व्हिस्की करू नये.

प्रतिसाद: नीलज्योत

तिघांचेही मनापासून आभार. शीतकवच यांच्या उत्तरानंतर मी इंधनाचा हिशेब मांडून पाहिला. आमचे इंजिन 5 किलोन्यूटन जोराचे आहे आणि ते 30 सेकंद चालवायचे आहे. विशिष्ट आवेग (इंधन आणि ऑक्सिजनातून किती कार्यक्षमतेने जोर मिळतो याचे माप) 220 सेकंद धरला तर सेकंदाला सुमारे 2.3 किलो, म्हणजे एकूण 70 किलो इंधन आणि ऑक्सिजन लागतो. त्यात इंधनाचा वाटा सुमारे 30 किलो. त्यातले 75 टक्के इथेनॉल म्हणजे साडेबावीस किलो, अर्थात साधारण साडेअठ्ठावीस लिटर. आंबवणात 8 टक्के अल्कोहोल धरले तर काहीही वाया न जाता साडेतीनशे लिटरपेक्षा अधिक आंबवण गाळावे लागेल, आणि तेही एका चाचणीसाठी.

मनात असे आले की व्हिस्की गाळताना सुरुवातीचा आणि शेवटचा जो भाग बाजूला काढतात तो साठवून इंधनात घातला तर ओझे थोडे हलके होईल. हे योग्य आहे का? आणि सुरुवातीच्या भागात मिथेनॉल असते म्हणून तो टाकावा लागतो, हे बरोबर आहे ना?

प्रतिसाद: आंबवण

मिथेनॉलबद्दलची ही समजूत सर्वत्र आढळते आणि ती दुरुस्त करणे आवश्यक आहे. मिथेनॉल प्रामुख्याने फळांतील पेक्टिनपासून तयार होते. धान्याच्या आंबवणात ते अत्यल्प असते. शिवाय ते 64.7 अंशांना उकळते म्हणून सगळे आधी निघून जाते असेही घडत नाही, कारण भांड्यात पाणी आणि इथेनॉलबरोबर मिसळलेले मिथेनॉल वेगळे राहत नाही आणि साध्या भांड्यात ते संपूर्ण ऊर्ध्वपातनभर थोडे थोडे येत राहते. म्हणून कोणी मिथेनॉल मिसळलेले औद्योगिक अल्कोहोल घेऊन ते गाळून पिण्याजोगे करू पाहील, तर पहिला भाग टाकल्याने ते सुरक्षित होणार नाही. विषारी दारूच्या दुर्घटनांमागे बहुतेक वेळा अशी औद्योगिक भेसळच असते.

सुरुवातीचा भाग बाजूला काढतात तो ॲसिटाल्डिहाइड आणि इथाइल ॲसिटेट यांच्यासाठी. त्याला नेलपॉलिश काढण्याच्या द्रवासारखा टोचरा वास असतो. शेवटच्या भागात आयसोअमाइल अल्कोहोलसारखी जड अल्कोहोले आणि मेदाम्ले येतात, आणि ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येऊ लागला की हात थांबवायचा. हे दोन्ही भाग पुढच्या खेपेच्या भांड्यात परत घालण्याची जुनी रीत आहे, आणि माझ्या मते त्यांची जागा तिथेच आहे. आणखी एक, सांधे शिशाच्या डाखाने जोडलेले किंवा मोटारीचा रेडिएटर कंडेन्सर म्हणून लावलेला असेल तर त्या भट्टीतला एक थेंबही पिऊ नये. चोरट्या दारूतून झालेल्या शिशाच्या विषबाधेचे मूळ बहुधा तिथेच सापडले आहे.

प्रतिसाद: शीतकवच

ते बाजूला काढलेले भाग जळतील यात शंका नाही, पण मी ते इंजिनात घालणार नाही. आपण मिश्रणाचे प्रमाण हायड्रोमीटरने, म्हणजे घनतेवरून ठरवणार, आणि घनतेवरून प्रमाण काढणे तेव्हाच खरे ठरते जेव्हा द्रवात फक्त इथेनॉल आणि पाणी असते. त्यात इतर द्रव्ये आली की आकडा काहीतरी दाखवतो आणि इंजिनाला दुसरेच काहीतरी मिळते.

मोजमापाचाच आणखी एक धोका सांगतो. भट्टीवरचा हायड्रोमीटर आकारमानाचे टक्के दाखवतो, तर रॉकेटच्या ग्रंथांतील 75 टक्के वजनाचे असतात. वजनाने 75 टक्के म्हणजे 20 अंश सेल्सियसला आकारमानाने सुमारे 81 टक्के. आपण हायड्रोमीटरवर 75 पाहून थांबलात तर इंधनात ठरवल्यापेक्षा अधिक पाणी जाईल, आणि ऑक्सिजनचे गणित त्यानुसार बिघडेल. मिसळतानाही लिटरने मोजू नका. 50 लिटर इथेनॉल आणि 50 लिटर पाणी मिळून 100 लिटर होत नाही, सुमारे 96 लिटरच होते, आणि मिश्रण तापल्यामुळे तेव्हाच घेतलेले वाचनही चुकते. दोन्ही द्रव तराजूवर तोलून मिसळावेत, गार होऊ द्यावेत आणि मग घनता पडताळावी.

साडेतीनशे लिटर आंबवणाचा आपला हिशेब मी तपासला. तो बरोबर आहे. म्हणूनच सुचवतो की इंजिनासाठी औद्योगिक इथेनॉल रीतसर विकत घ्यावे, आणि भट्टी व्हिस्कीसाठी राखावी.

प्रतिसाद: कोरडी वाट

शेवटच्या सूचनेशी मी पूर्ण सहमत आहे, आणि ऑक्सिजनच्या बाजूबद्दल दोन गोष्टी जोडतो, कारण आतापर्यंतची सगळी चर्चा इंधनाचीच झाली आहे.

द्रवरूप ऑक्सिजन उणे 183 अंशांना उकळतो आणि तेल, ग्रीस, रबर किंवा अल्कोहोल यांच्याबरोबर साचला तर ते मिश्रण साध्या धक्क्यानेही स्फोटक ठरू शकते. त्यामुळे ऑक्सिजनच्या मार्गातील प्रत्येक झडप आणि नळी तेलाचा मागमूस न राहील इतकी स्वच्छ केलेली हवी, आणि त्यासाठी योग्य असलेलीच वंगणे व सील वापरायला हवेत. प्रज्वलनाची खात्री होण्याआधी मुख्य झडपा पूर्ण उघडू नयेत. कक्षात इंधन आणि ऑक्सिजन साचल्यावर उशिरा ठिणगी पडली तर इंजिन चालत नाही, फुटते. ज्वाला नसलेली चाचणी म्हणजे निर्धोक चाचणी असेही समजू नये. जुलै 2007 मध्ये अमेरिकेतील मोहावी येथे स्केल्ड कंपोझिट्स या कंपनीच्या आवारात नायट्रस ऑक्साइडच्या प्रवाहाची चाचणी सुरू होती, काहीही पेटवलेले नव्हते, तरी स्फोट होऊन तीन जणांचा मृत्यू झाला. टाकीत दाब चढलेला असताना कोणीही तिच्याजवळ असू नये, प्रेक्षक म्हणूनही नाही. इथेनॉलची ज्वाला भर उन्हात जेमतेम दिसते, म्हणून चाचणीनंतर जवळ जाण्याआधी उष्णता दाखवणारा कॅमेरा फिरवून पाहावा.

इंजेक्टरची पहिली चाचणी पाण्याने करतात, आणि आपला झरा हाताशी असल्यामुळे तेच पाणी घेण्याचा मोह होईल. तिथेही क्षार काढलेले पाणीच घ्यावे, कारण वाळल्यावर मागे राहिलेला चुन्याचा कण अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्राची दिशा बदलतो. त्यानंतर ऑक्सिजनच्या बाजूची प्रत्येक वाट कोरड्या नायट्रोजनने भरपूर वेळ वाळवावी आणि बाहेर पडणाऱ्या वायूचा दवबिंदू (त्यातल्या ओलाव्याचे माप) मोजून मगच टाकी भरावी. नळीच्या वळणात राहिलेला पाण्याचा थेंब त्या थंडीत बर्फ होतो आणि झडप अर्धवट उघडी असतानाच अडकवून ठेवतो.